इमॅजिकाला पंधरा जण: मुक्काम कुठे करायचा?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नणंद नागपूरहून येणार होती, दीर-जाऊ पुण्याहून, आणि मुलांनी आपापसात आधीच ठरवून टाकलं होतं की या वेळी खोपोलीजवळचं इमॅजिका थीम पार्कच. सासूबाईंची अट वेगळी होती. "खोपोलीपर्यंत जाताच आहात, तर महड आणि पाली केल्याशिवाय मी परत यायची नाही." अष्टविनायकांतले हे दोन गणपती खरोखरच त्याच पट्ट्यात, त्यामुळे कुणाला काही बोलता येईना. मोजदाद केली तर दहा मोठे आणि पाच मुलं. मोठ्यांत तिघं सत्तरीच्या पुढची, मुलांत सगळ्यात धाकटी चार वर्षांची. तिकिटं भाच्याने अंगावर घेतली, गाडी नवऱ्याने, आणि राहण्याची सोय माझ्या गळ्यात पडली.

मुंबई-पुण्याचे बहुतेक लोक इमॅजिकाला सकाळी जाऊन रात्री परततात. दोघं-तिघं असाल तर ते ठीक आहे. पण डोंबिवलीहून पंधरा जणांची वरात पहाटे उठवून न्यायची, दिवसभर रांगांमध्ये उभं करायचं आणि रात्री पेंगुळलेल्या पोरांना कडेवर घेऊन परत आणायचं, यात सुट्टी कुठे आली? शिवाय थीम पार्क २०१३ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या शेजारचं वॉटर पार्क पुढच्या वर्षी, आणि दोन्हींची तिकिटं वेगळी. एका दिवसात दोन्ही उरकायची म्हणजे एकाचेही पैसे वसूल होत नाहीत. आम्ही थीम पार्कवर समाधान मानलं. वॉटर पार्कपायी मुलं दोन दिवस रुसली, मग विसरली. एक दिवस पार्क, एक दिवस देवदर्शन, मध्ये दोन रात्री, असा बेत ठरला.

सुरुवात अर्थातच हॉटेल बुकिंगच्या अ‍ॅपवरून. ही अ‍ॅपं चौकोनी कुटुंबासाठी बनवली आहेत हे पंधरा आकडा टाकल्याबरोबर कळतं. एक तर 'मोठे' कोण आणि 'मुलं' कोण याची त्यांची व्याख्या आपल्या घरातल्या व्याख्येशी जुळत नाही. बऱ्याच ठिकाणी बारा वर्षांपुढचा मुलगा मोठ्यांत धरतात, त्यामुळे आमचे दोन तेरा-चौदाचे भाचे एका क्षणात प्रौढ झाले. मग अ‍ॅप पाच खोल्या सुचवतं. त्या एका मजल्यावर असतीलच याची हमी नाही. फोन करून विचारलं तर "चेक-इनच्या वेळी बघू मॅडम" एवढंच उत्तर. आणि 'एक्स्ट्रा बेड' म्हणजे रात्री नऊनंतर कुणीतरी जमिनीवर आणून टाकलेली गादी, तिचे हजार-बाराशे वेगळे.

पार्कला लागूनच एक मोठं हॉटेल आहे आणि खरं सांगायचं तर सोयीसाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पार्कमधून चालत खोलीवर. दुपारी म्हातारी माणसं झोपू शकतात, लहान मूल कंटाळलं तर परत नेता येतं. दोघं आणि एक मूल असाल तर बाकीचं काही बघूच नका, खोली आणि तिकीट मिळून कुठली योजना चालू आहे का तेवढं विचारा. आमचं गणित मात्र पाच खोल्यांवर गेल्यावर कोसळलं. त्यात एक बारीक गोष्ट: २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असलेल्या खोलीवर जीएसटी पाच टक्के आहे आणि त्याच्या वर गेलं की थेट अठरा. म्हणजे ७,४०० ची खोली करासकट ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची जवळपास नऊ हजारांना. पाच खोल्या, दोन रात्री असा गुणाकार केला की हा फरक बारा हजारांच्या घरात जातो. जाहिरातीत दिसणारा आकडा बहुधा कर सोडून असतो, म्हणून शेवटच्या पानापर्यंत जाऊन एकूण रक्कम बघायची सवय मला तिथे लागली.

मग मी एक वही काढली. डावीकडे जागेचं नाव आणि उजवीकडे एकच आकडा: माणशी एका रात्रीचा खर्च, करासकट. खोपोलीतल्या एका साध्या हॉटेलात साडेचार हजारांच्या पाच खोल्या, म्हणजे साडेबावीस हजार, त्यावर पाच टक्के, एकूण २३,६२५. भागिले पंधरा, माणशी १,५७५. त्यात रात्रीचं जेवण नाही आणि सगळ्यांनी मिळून बसायला जागा नाही. पत्ते कुठे खेळायचे, जिन्यात?

जागा नाही हा मुद्दा मला पैशांइतकाच मोठा वाटत होता. नागपूरची माणसं वर्षातून एकदा भेटतात. ती रात्री तिसऱ्या मजल्यावर आणि आम्ही पहिल्यावर, हे मला पटेना. म्हणून गाडी बंगल्यांकडे वळली.

लोणावळ्याचे बंगले हा एक वेगळाच बाजार आहे. एकदा कुठे चौकशी केलीत की व्हॉट्सअ‍ॅपवर एजंटांची रीघ लागते. 'थ्री बीएचके, प्रायव्हेट पूल, ओन्ली फॅमिली, नो स्टॅग' हे मंत्रासारखं प्रत्येक मेसेजमध्ये. भाव शुक्रवार ते रविवार वेगळा आणि सोमवार ते गुरुवार वेगळा, आणि फरक किरकोळ नसतो. आम्हाला आवडलेला बारा जणांचा एक बंगला शनिवारी चोवीस हजार होता आणि तोच सोमवारी चौदा. बारावर जितकी माणसं जास्त, तितके हजार-हजार रुपये वर. म्हणजे शनिवारी माणशी अठराशे आणि सोमवारी अकराशेच्या थोडं वर. इथेच ठरलं की जे काय करायचं ते भाऊबीजेनंतरच्या सोमवारपासून. दिराला रजा टाकावी लागली, त्याने दोन दिवस तोंड वाकडं केलं, पण माणशी जवळपास सातशे रुपये वाचतात हे ऐकल्यावर सरळ झालं.

या एजंटांच्या फोटोंबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. एका गृहस्थांनी पाठवलेला निळाशार पूल आणि त्यामागचा डोंगर मला ओळखीचा वाटला. चाळून बघितलं तर दोनच दिवसांपूर्वी दुसऱ्या कुणीतरी तोच फोटो कर्जतचा म्हणून पाठवला होता. मुलाने तो फोटो टाकून इंटरनेटवर शोधून पाहिलं तर तो अलिबागचा म्हणूनही सापडला. त्या गृहस्थांचं म्हणणं, "आज अर्धे पैसे टाका, दुसरी पार्टी थांबलीय." मी म्हटलं, आत्ता जो कुणी बंगल्यावर असेल त्याला व्हिडिओ कॉल करायला सांगा, फाटकापासून आतपर्यंत चालत दाखवू दे, संडाससुद्धा. त्यानंतर त्यांचा फोन लागलाच नाही. तेव्हापासून माझा नियमच झाला: व्हिडिओ कॉल नाही, तर आगाऊ रक्कम नाही. खरा मालक असतो त्याला याचा राग येत नाही. उलट तो गीझरसुद्धा चालू करून दाखवतो.

लोणावळ्याचा बेत शेवटी रद्द झाला तो मात्र वेगळ्याच कारणाने. नकाशावर लोणावळा आणि इमॅजिका जवळजवळ दिसतात. पण लोणावळा घाटाच्या वर आहे आणि पार्क घाटाखाली. आम्ही मुंबईकडून जाणार, म्हणजे पार्कचा फाटा सोडून आधी घाट चढायचा, रात्री वर झोपायचं, सकाळी तोच घाट उतरायचा, संध्याकाळी पुन्हा चढायचा. सुट्टीत बोरघाटात काय होतं ते रोजच्या बातम्यांत दिसतं. गाडीत मळमळणारी दोन मुलं आणि गुडघे धरून बसलेले सासरे घेऊन हे करायची माझी तयारी नव्हती. पुण्याहून एकटंच कुटुंब येणार असेल तर लोणावळा चांगला, त्यांना घाट एकदाच उतरून एकदाच चढायचा असतो. आम्हाला मुक्काम घाटाखालीच हवा होता: खोपोली, खालापूर किंवा पालीचा रस्ता.

आता भक्तनिवास. हे सासूबाईंनी सुचवलं आणि त्यांचं चुकलेलं नव्हतं. पालीला बल्लाळेश्वर देवस्थानचं भक्तनिवास आहे, आणि अष्टविनायकाच्या बहुतेक ठिकाणी अशी काही ना काही सोय असते. खोल्या साध्या, स्वच्छ, हॉटेलच्या मानाने भाडं कितीतरी कमी, आणि जेवण पोटभर. पालीहून पार्क अर्ध्या-पाऊण तासावर. मोठ्या कुटुंबाने हा पर्याय आधी बघावा असंच मी सांगेन, फक्त दोन गोष्टी लक्षात घेऊन. एक म्हणजे पंचांग. संकष्टी, अंगारकी, माघी आणि भाद्रपदातली चतुर्थी या दिवशी तिथे मुंगीला शिरायला जागा नसते. दुसरं म्हणजे रात्रीची वेळ. भक्तनिवास म्हणजे काही हॉटेल नव्हे. रात्री फाटक किती वाजता बंद होतं ते आधी विचारावं लागतं, आणि पार्कमधून शेवटच्या राइडनंतर निघालेली पोरं गोंगाट करत साडेनऊ-दहाला तिथे शिरणं मलाच बरं वाटेना.

मी एक मधला मार्ग काढला होता. पार्कच्या दिवशी म्हाताऱ्यांना पालीला भक्तनिवासात ठेवायचं आणि बाकीच्यांनी पार्क करायचं. तिकिटंही वाचली असती. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मला देवाजवळ बसवून तुम्ही पाळण्यात बसणार? मीपण येणार." विषय संपला.

याच सुमारास माझ्या चुलतभावाचा फोन आला. "ताई, काम झालं! चार खोल्यांचा लॉज, अगदी स्वस्तात, महडला." पत्ता बघितला तर लॉज महाडचा. रायगडाच्या पायथ्याजवळचं, चवदार तळ्याचं महाड, वरदविनायकाच्या महडपासून शंभरएक किलोमीटर दूर. इंग्रजीत दोन्ही गावं एकाच स्पेलिंगने लिहितात, त्यामुळे अ‍ॅपला काही फरक कळत नाही. पैसे भरले नव्हते हे नशीब. महडला खोली शोधणाऱ्याने तालुका खालापूर आहे ना, एवढं डोळे उघडे ठेवून बघावं.

जागा शेवटी सापडली ती अ‍ॅपवर नाही, एजंटाकडेही नाही. आमच्या इमारतीतल्या एका काकूंचं माहेर सुधागड तालुक्यातलं. त्यांनी एका ओळखीच्या कुटुंबाचा नंबर दिला. पालीच्या रस्त्यावर आत थोडं वळून त्यांचं घर, त्याच्या मागे मुंबईच्या पाहुण्यांसाठी बांधलेलं दुसरं. चार खोल्या, मध्ये मोठा हॉल, पुढे लांबलचक ओटी. पूल नाही, टीव्ही आहे पण तो चालतोच असं नाही. मी फोनवर सवयीने सुरू केलं, "खोली केवढ्याला?" तर त्या बाई म्हणाल्या, "ताई, आधी माणसं किती आणि त्यात म्हातारी किती ते सांगा. खोल्यांचं नंतर बघू." सगळ्या शोधात हा प्रश्न विचारणाऱ्या त्या पहिल्याच.

पूर्ण घराचे एका रात्रीचे नऊ हजार ठरले. माणशी सहाशे. सकाळचा चहा-नाश्ता ऐंशी रुपये, रात्रीचं जेवण अडीचशे, कोंबडी हवी असेल तर वेगळे पैसे. म्हणजे पार्कच्या दिवशी माणशी ९३० रुपयांत झोप, नाश्ता आणि रात्रीचं ताट. वहीतल्या बाकीच्या सगळ्या आकड्यांत जेवण धरलेलं नव्हतं, त्यामुळे पुढे बघायची गरजच उरली नाही. व्हिडिओ कॉल मात्र मी इथेही केला. त्यांच्या मुलीने मोबाइल घेऊन सगळं घर फिरवून दाखवलं, आणि मी विचारायच्या आधीच खालच्या खोलीतला कमोड दाखवला. सासऱ्यांसाठी तो एक कमोड पूलपेक्षा मोलाचा.

प्रत्यक्ष राहिल्यावर काही गोष्टी जाणवल्या ज्या फोटोत कधीच दिसत नाहीत. पहिली म्हणजे गीझर एकच. पंधरा माणसांच्या आंघोळी एका गीझरवर म्हणजे मुंबईच्या नळाच्या वेळांइतकाच शिस्तीचा मामला. पण त्या बाईंना अनुभव होता. त्यांनी मागच्या अंगणात पहाटेच बंब पेटवला होता. सातच्या आत नऊ आंघोळी उरकल्या. मुलांना आंघोळीपेक्षा त्या बंबातल्या धुराचं जास्त कौतुक. उरलेल्यांनी, म्हणजे पुरुषांनी, दाढी करून आल्यासारखं दाखवलं.

दुसरी गोष्ट कपडे वाळत घालायची. थीम पार्कमध्येसुद्धा पाण्याच्या राइड आहेत आणि मुलं त्यात नखशिखांत भिजतात. हॉटेलच्या खोलीत पंधरा जणांचे ओले कपडे कुठे टाकणार? ओटीवर दोन खांबांना बांधलेली लांब नायलॉनची दोरी बघून जाऊबाईंना जेवढा आनंद झाला तेवढा तिला पार्कमधल्या नायट्रो या रोलर कोस्टरवर बसूनही झाला नसेल. ती त्यावर बसली होती बरं का, आणि उतरल्यावर दहा मिनिटं बाकावर डोळे मिटून पडली होती.

तिसरी गोष्ट ड्रायव्हर. आम्ही सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर केली होती, कारण विदर्भ एक्स्प्रेसने येणाऱ्या नागपूरकरांना कल्याणला घ्यायचं होतं. गाडी ठरवताना किलोमीटर, टोल, रात्रीचा भत्ता सगळं बोलणं होतं, पण ड्रायव्हर झोपणार कुठे हे कुणीच बोलत नाही. हॉटेलांत बहुधा तो गाडीतच झोपतो. दुसऱ्या दिवशी त्याच्याच हातात आपली पंधरा माणसं द्यायची असतात. इथे घरच्यांनी त्याला पुढच्या पडवीत खाट आणि पंखा दिला, आणि जेवायला आमच्याच पंगतीत बसवलं.

पार्कच्या दिवशी नाश्ता भक्कम लागतो. आत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत आणि आतलं खाणं पंधरा जणांना महाग जातं. साडेसातला ओटीवर पोह्यांची मोठी कढई आली, वर खोबरं-कोथिंबीर, सोबत तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी. सासरे "सकाळी सकाळी भाकरी?" म्हणून कुरकुरले आणि दोन खाल्ल्या. त्या जोरावर सगळे दुपारी तीनपर्यंत तग धरून राहिले, आत फक्त एकदाच जेवणाचा खर्च झाला. पार्कबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. एवढंच सांगते की राइडच्या दाराशी उंचीची पट्टी असते, तेव्हा मुलांना आदल्या रात्री घरीच मोजून कोण कशात बसू शकतं ते सांगून ठेवावं, म्हणजे रांगेच्या टोकाला रडारड होत नाही. आणि सासूबाईंना सगळ्यात आवडली ती हवेतून भारतदर्शन घडवणारी राइड. पाय खाली लोंबकळत असताना त्यांनी हात जोडले होते.

दुसऱ्या दिवशी आधी पाली केली. रिवाजाप्रमाणे आधी मागचा धुंडीविनायक, मग बल्लाळेश्वर. मागे सरसगडाचा कातळ इतका जवळ उभा असतो की मुलांनी लगेच "चढूया का" सुरू केलं. त्यांना जवळच्या उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांवर नेऊन गप्प केलं. पार्कमध्ये दिवसभर चालून सुजलेले सगळे पाय त्या कुंडाशी मोकळे झाले, आणि याला तिकीट नाही. परतीच्या वाटेवर महडचा वरदविनायक. तिथला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवत असल्याचं सांगतात. धाकटीने विचारलं, लाइट जात नाही का इथला.

निघताना बाईंनी पुढच्या वेळचं बोलून ठेवलं. मे महिन्यात यायचं असेल तर मार्चमध्ये फोन करा, आणि चतुर्थी बघून करा, कारण चतुर्थीला त्यांच्या स्वतःच्याच घरी पाहुण्यांची रांग असते. बिल त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिलं, त्यात ऐनवेळी मागितलेला चहा तीनदा लावला होता आणि दोनदा कापला होता.

हिशोबाची आमच्या घरची पद्धत अशी: मोठ्यांचा एक वाटा, बारा वर्षांखालच्यांचा अर्धा, पाचाखालचे फुकट, आणि आजी-आजोबांचा वाटा तिन्ही मुलांत सारखा. हॉटेलांनी ज्यांना प्रौढ ठरवलं होतं त्या दोन्ही भाच्यांनी इथे मात्र आपण मुलंच असल्याचा दावा लावला आणि नणंदेने तो उचलून धरला. भाच्याने सगळं एक्सेलमध्ये घालून ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी अंगठा दाखवला. फक्त ड्रायव्हरची चार ताटं गाडीच्या खर्चात धरायची की जेवणाच्या, यावर दीर आणि नणंदेच्या यजमानांचं अजून एकमत झालेलं नाही.